'कुल्पा' आणि 'पेक्कारे': दोषाची दोन मुळं

दोष, पाप, अपराध यांचे इंग्रजी शब्द पाठ करायला यादी घेऊन बसू नका. आधी मूळ धरा. लॅटिनमध्ये 'कुल्पा' म्हणजे दोष, ठपका. 'पेक्कारे' म्हणजे चुकणं, पाप करणं. ('सिन' आणि 'गिल्ट' मात्र लॅटिन नाहीत, ते जुन्या इंग्रजीतले.)

'कल्पेबल' म्हणजे ज्याच्यावर ठपका ठेवता येतो तो. 'एक्स' म्हणजे बाहेर, म्हणून 'एक्स्कल्पेट' म्हणजे ठपक्यातून सोडवणं. इथवर सोपं आहे. घोटाळा होतो तो 'इन'मुळे, कारण 'इन' दोन आहेत. एक 'आत' सांगणारा, दुसरा नकाराचा. आपल्या 'अनंत'मधल्या 'अन्'चा हा चुलतभाऊच. 'इन्कल्पेट' हे क्रियापद: दोषात ओढणं. 'इन्कल्पेबल' हे विशेषण: निर्दोष! रूप जवळपास तेच, अर्थ थेट उलटा. क्रियापदाला लागलेला 'इन' बहुधा आत नेणारा, विशेषणाला लागलेला बहुधा नकाराचा, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच निभावतं.

'इम्पेकेबल'मध्ये नकाराचाच 'इन' आहे. पुढे 'प' आल्यामुळे 'न'चा 'म' झाला. मूळ अर्थ पाप करूच न शकणारा. आता पोशाख, उच्चार, वागणूक बिनचूक असली की हा शब्द वापरतात. 'पेकडिलो' स्पॅनिशमधून आला. त्यातलं शेपूट लघुत्वदर्शक, म्हणजे 'पापुकलं' म्हणा. म्हणून 'गंभीर पेकडिलो' लिहिणं चूकच.

'इम्पीच' (मोठ्या पदावरच्या माणसावर गैरवर्तनाचा आरोप ठेवणं) मात्र या कुळातला नाही. तो 'पेडिका', म्हणजे पायातल्या बेडीवरून आला; त्यात 'पद' आहे, पाप नाही.

सगळ्यात सुंदर जन्मकथा 'कल्प्रिट'ची. इंग्लंडच्या न्यायालयांत आरोपीनं 'मी दोषी नाही' म्हटलं की कारकून अँग्लो-फ्रेंचमध्ये, म्हणजे तिथल्या कायद्याच्या जुन्या फ्रेंचमध्ये, उत्तर द्यायचा: 'कल्पेबल, प्रेस्ट', म्हणजे दोषी आहे, आम्ही सिद्ध करायला तयार आहोत. नोंदवहीत त्याचं 'कल. प्रिट.' झालं, आणि पुढे वाचणाऱ्यांनी ते आरोपीलाच उद्देशून आहे असं धरलं. 1678च्या एका खटल्यात तो तसा वापरलेला सापडतो. तेव्हा अर्थ 'आरोपी' होता. 'गुन्हेगार' हा अर्थ नंतर चिकटला, बहुधा 'कुल्पा'च्या ओढीनं.

'फॉल्ट'मधला 'ल'सुद्धा असाच मागाहून आलेला. फ्रेंच 'फोत'मध्ये तो नव्हता; लॅटिन 'फाल्लेरे' (फसवणं) आठवून पंडितांनी तो स्पेलिंगमध्ये परत घातला, आणि लोक तो उच्चारायला लागले त्याच्याही बऱ्याच नंतर.