क्रॉनने गिळलेला टक्का

टीममधली सहकारी वैतागूनच आली. "अरे, टर्मिनलमधून चालवला की रिमाइंडर येतो, क्रॉनमध्ये टाकला की गप्प. आज रिव्ह्यू चुकला माझा."

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम. तिने जीकॅलसीएलआय बसवलं होतं. गूगल कॅलेंडर टर्मिनलमधून हाताळायला झकास टूल. त्याची 'रिमाइंड' कमांड पुढच्या ठरावीक मिनिटांत काही कार्यक्रम असला, तर आपण दिलेली दुसरी कमांड चालवते. त्या कमांडमध्ये टक्का-एस (%s) लिहिलं की त्या जागी कार्यक्रमाचा तपशील येतो. तिने नोटिफाय-सेंड, म्हणजे स्क्रीनवर नोटिफिकेशन दाखवणारी कमांड, दिली होती.

असं काही ऐकलं की माझा पहिला संशय डी-बसवर, म्हणजे प्रोग्राम ज्यातून एकमेकांना निरोप देतात त्या यंत्रणेवर. क्रॉनला आपल्या डेस्कटॉप सेशनचा पत्ताच ठाऊक नसतो, मग नोटिफिकेशन दाखवणार कुठे? पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तीही तुटपुंजी असते. डी-बसचा पत्ता क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) वरच लिहिला, टूल कुठल्या फोल्डरात आहे तेही पूर्ण दिलं, कॅलेंडरात एक खोटी मीटिंग टाकली. ढिम्म!

मग सिसलॉग, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, उघडला. क्रॉनने चालवलेली कमांड तिथे उमटते. तिची ओळ नोटिफाय-सेंडपाशीच तुटलेली. अवतरणचिन्ह उघडलेलं, पण बंद कुठेच नाही. शेजारीच दुसरी नोंद: एमटीए (मेल पाठवणारा प्रोग्राम) नाही, आउटपुट टाकून देतोय. म्हणजे शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) दर खेपेला 'अवतरण अर्धवट आहे' म्हणून बोंबलत होता. क्रॉन एरवी ते मेलने कळवतो, पण मशिनवर मेल पाठवायची सोयच नव्हती, म्हणून सगळं केरात.

क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे नवी ओळ. पहिल्या % नंतरचा मजकूर कमांडचा भाग राहतच नाही, तो तिला स्टँडर्ड इनपुट म्हणून, म्हणजे जणू कीबोर्डवरून टाइप केल्यासारखा, मिळतो. अवतरणात घातला तरी सुटका नाही. मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडच्या माहितीपानात, हे स्वच्छ लिहिलंय, पण मॅन क्रॉनटॅब म्हटलं की पहिल्या सेक्शनचं पान उघडतं आणि हे आहे पाचव्यात. तिथवर जातंय कोण!

टक्क्याआधी बॅकस्लॅश दिला की काम भागतं. मला मात्र अख्खी कमांड छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचं नाव ठेवणं बरं वाटतं. तसंच केलं, आणि पुढच्या खोट्या मीटिंगचं नोटिफिकेशन आलं.

ती खूश होऊन निघणार, तेवढ्यात तिची नजर खालच्या ओळीवर गेली. रात्रीचा बॅकअप. फाईलच्या नावात तारीख घालायला तिथेही % होता. बॅकअपचं फोल्डर उघडलं, तर रिकामं.