उशीपाशी धरलेला मीटर

खोलीच्या मधोमध ट्रायपॉड, जमिनीपासून सव्वा मीटरवर मायक्रोफोन, मोजणीच्या आधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासणी. रात्रीच्या आवाजाची एका काकूंची तक्रार होती, आणि तो मोजायला गेलो तेव्हा पहिल्या खेपेला मी सगळं नियमाप्रमाणेच केलं होतं. आकडा आला २८, म्हणजे रात्रीच्या मर्यादेच्या बराच खाली. मी सही केली आणि सहकाऱ्याने शेरा मारला, 'तक्रारदार अतिसंवेदनशील'. हा शेरा आमच्या कामात फार सहज मारला जातो.

काकूंनी पुन्हा तक्रार केली. या वेळी मी रात्री दोनला गेलो. मधोमध उभं राहून मला तर काहीच ऐकू येईना. काकू म्हणाल्या, "तुमचा मीटर मधे उभा असतो, मी भिंतीकडे डोकं करून झोपते. तिथे ऐका."

उशीपाशी वाकलो आणि कानात दडा बसावा तसा खर्जातला घुमारा आला. शेजारच्या गच्चीवरचा ब्लोअर, हवा फेकणारा मोठा पंखा.

मीटरवर ६३ हर्ट्झचा पट्टा लावला, म्हणजे फक्त त्या खर्जाच्या आसपासचा आवाज मोजला. उशीपाशी ६२ डेसिबल, मधोमध ४१. खोलीची रुंदी पावणेतीन मीटर, आणि ६३ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर अर्धी लाट. अशा खोलीत दाब भिंतींपाशी साठतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. माझा ट्रायपॉड नेमका तिथेच उभा होता.

पण खरी गोम पुढे आहे. उशीपाशी मोजूनही अहवालातला आकडा ३७च आला, कारण अहवाल मागतो ए-वेटिंगचा आकडा. ए-वेटिंग म्हणजे कानाला जे कमी ऐकू येतं ते मोजणीतही कमी धरायची पद्धत, आणि ती ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा करते. कान खर्जाला मंद असतो हे खरंच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये त्याचे आलेख काढले, आवाजाच्या प्रत्येक पातळीला एक. पण ए-वेटिंग त्यातल्या एकाच, ४० फॉनच्या आलेखावर बेतलेलं (फॉन म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप). कान मात्र प्रत्येक पातळीला वेगळा वागतो. हजार हर्ट्झचा आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, खर्जात त्याहून कमी पुरतात. एकदा ऐकू येण्याची पातळी ओलांडली की खर्जातला आवाज भराभर मोठा वाटू लागतो. शिवाय रात्री त्याला झाकणारा दुसरा आवाजही नसतो.

खर्जाला जवळपास न कापणाऱ्या सी-वेटिंगवर तोच आवाज ६२ भरला. ए आणि सीमध्ये पंचवीसचा फरक! मीटरवरचं एक बटण दाबलं की दिसणारी ही गोष्ट मी पहिल्या खेपेला पाहिली नाही, कारण फॉर्मात तिला रकानाच नाही. नियम दाब मोजतो, काकूंना त्रास होतो तो आवाजाच्या मोठेपणाचा. या दोन्हींत किती अंतर असतं हे मला पाठ होतं, तरी मी सही केली होती.

नव्या अहवालात दोन्ही आकडे लिहिले आणि पट्ट्यांचा आलेख जोडला. काल तो परत आला. 'एकच आकडा ठेवावा, मर्यादेशी तुलना करता येईल असा.' तसा आकडा ३७च आहे, आणि तो ठेवला की तक्रार पुन्हा निकालात निघेल. कागद अजून टेबलावर आहे. मी उत्तर दिलेलं नाही.