आठ मिनिटांचा डोंगर

लांबचा डोंगर आठ मिनिटं, मधली झाडं वीस मिनिटं, पुढ्यातलं काटेरी कुंपण पाऊण तास. माझ्या वहीतला हा हिशेब धाकट्या भावानं वाचला आणि विचारलं, "ताई, लांबचा डोंगर आठ मिनिटांवर आणि जवळचं कुंपण पाऊण तासावर? चालतेस तरी कशी तू?"

हिशेब चालण्याचा नव्हता, भिजण्याचा होता. मी तेव्हा एचिंग, म्हणजे अ‍ॅसिडनं पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून चित्र छापायची कला, शिकत होते. तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर चढवायचा आणि सुईनं तो खरवडत चित्र काढायचं. सुई तांबं कापत नाही, फक्त उघडं पाडते. कापायचं काम अ‍ॅसिडचं. पत्रा जितका वेळ आत, तितकी रेघ खोल. जितकी खोल, तितकी शाई जास्त धरते आणि कागदावर तितकी काळी उमटते. म्हणून डोंगराला लवकर बाहेर काढायचं. पत्रा धुवायचा, वाळवायचा, डोंगराच्या रेघांवर वॉर्निश फासून त्या बुजवायच्या आणि बाकीच्या शेताला पुन्हा बुडवायचं. जलरंगवाला डोंगर दूर ढकलायला रंगात पाणी वाढवतो. इथे तो घड्याळ बघून ढकलावा लागतो.

सुई चालवण्याआधी तो थर मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा करतात, म्हणजे ओढलेली रेघ तांबूस चमकते आणि नीट दिसते. भर दुपारचं शेत मी काढत होते, पण समोर दिसत होती रात्र आणि तिच्यात पेटलेलं गवत. कागदावर आल्यावर रात्रीचा दिवस होतो, वर डावं-उजवं बदलतं ते वेगळंच. डच चित्रकार रेम्ब्रांटनं 1640च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमचा देखावा पत्र्यावर जसा दिसला तसाच काढला. छापात सगळं शहर आरशातलं निघालं. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. मला मात्र आमच्या चित्रातली पायवाट उलटीकडे वळलेली पाहून दोन दिवस चुकल्यासारखं वाटत होतं.

नायट्रिक अ‍ॅसिड रेघांना भिडलं की त्यांच्यावर बारीक बुडबुडे धरतात. ते तसेच राहू दिले तर रेघ कुरतडल्यासारखी होते, म्हणून पक्ष्याच्या पिसानं ते हलकेच सारत राहायचं. ब्रश का नाही, असं मी विचारलं होतं. ब्रशचे केस अ‍ॅसिड खातं, पीस जास्त टिकतं, असं साधं उत्तर मिळालं. तरी चित्रात एकही पाखरू नसताना ते घडवायला एक पीस लागतं, ही गोष्ट मला उगाचच आवडली.

पाखरं पुढे आलीच. माझा थर कुठेतरी कच्चा राहिला होता, त्यातून अ‍ॅसिड झिरपलं आणि कोऱ्या आकाशात वीस-पंचवीस काळे ठिपके उमटले. "पाखरं म्हण," शिकवणारे म्हणाले. तोडगा वाईट नव्हता, पण एकही ठिपका उडत नव्हता.

मग खोडायचं कसं, हे शिकणं आलं. पेन्सिलीसारखं तांब्यावर रबर चालत नाही. धारदार स्क्रेपरनं रेघेच्या तळापर्यंत धातू खरवडायचा, मग बर्निशर नावाच्या गुळगुळीत पोलादी दांडीनं तेल लावून घोटत बसायचं. एवढं करूनही मागमूस उरतोच. याचा माझा सगळ्यात लाडका पुरावा दोन डच चित्रकारांचा आहे. हर्क्युलिस सेगर्सनं एका रानवाटेवर जुन्या धर्मकथेतले टोबायस आणि देवदूत काढले होते, आकारानं चांगले मोठे. पुढे 1653च्या सुमारास तो पत्रा रेम्ब्रांटच्या हाती लागला. त्यानं ती जोडी घासून टाकली आणि तिथे बाळाला घेऊन इजिप्तकडे निघालेले मेरी आणि जोसेफ बसवले. दूरचा मुलूख बराचसा सेगर्सचाच ठेवला. वाटसरू बदलले, वाट तीच! आणि नव्या झाडीत नीट पाहिलं तर देवदूताच्या पंखाच्या खुणा अजून दिसतात. रेम्ब्रांटला त्या पुसता आल्या नसतील यावर माझा विश्वास नाही. पानांत पान म्हणून खपतोय ना, मग राहू दे, असंच त्याला वाटलं असणार.

त्याचंच 1643चं तीन झाडांचं चित्र भिंग घेऊन बघावं. अंदाजे 21 बाय 28 सेंटिमीटरचा तुकडा. डावीकडे पट्टीनं ओढल्यासारख्या तिरप्या सरी, उजवीकडे उंचवट्यावर आभाळ पेलणारी तीन झाडं. आधी एवढंच दिसतं. मग डाव्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस सापडतो, टेकाडावर पाठमोरं बसून रेखाटणारा एक जण सापडतो आणि सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यातल्या गच्च काळ्या झुडपात, लपलेली प्रेमी जोडी. त्यांना लपवायला रेम्ब्रांटनं रेघांवर रेघा चढवल्यात. भिंगवाल्यांपासून मात्र त्यांची सुटका नाही.

माझ्या पत्र्यावर असलं कुणी नव्हतं, नुसते ठिपके होते. ते खरवडले, तीन संध्याकाळी घोटले. मग शाई भरली, जाळीदार कापडानं पुसली, ओलसर कागद ठेवला आणि प्रेसचं चाक फिरवलं. कागद उचलताना तो ओल्या जमिनीतून रोप उपटावं तसा जरासा चिकटून येतो, तेवढ्यात छाती धडधडते. ठिपके गेले होते. पण तिथला धातू पुरता गुळगुळीत झाला नव्हता, त्यानं शाई धरून ठेवली होती, आणि आठ मिनिटांच्या डोंगरावर एक मळकट करडा डाग पसरला होता.

शिकवणाऱ्यांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले.

"पाऊस कुठून येतोय?" त्यांनी विचारलं.

"पत्र्यात डावीकडून," मी म्हणाले.