कीमोची वही

कॅन्सरची पहिली कीमो घेऊन घरी आले, बाथरूममध्ये गेले आणि ओरडलेच. लघवी लाल. बाहेरून नवरा दार बडवतोय काय झालं काय झालं आणि मी आतून नुसती रक्त रक्त करतेय. खरं तर सकाळीच सिस्टरनी सांगितलं होतं की हे डॉक्सोरुबिसिन म्हणजे लाल औषध, एक-दोन दिवस लघवीला रंग येईल, घाबरू नका, पण त्या दिवशी इतक्या जणांनी इतकं काही सांगितलं होतं की डोक्यात एक अक्षर उरलं नव्हतं. मी फक्त मान हलवत होते, शाळेत गणिताच्या तासाला हलवायचे तशी.

त्याच रात्री बहिणीने एक कोरी वही हातात दिली. म्हणाली, ताई, जे होईल ते ह्यात लिही, आणि तारखा नको टाकूस, दिवस टाक, कीमोचा दिवस तो दिवस १. मला तेव्हा वैताग आला होता, एक तर आजारी पडायचं आणि वर गृहपाठ! पण सगळ्या ट्रीटमेंटमध्ये मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल तर त्या वहीचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान झालं ते वहीत लिहूनसुद्धा डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टींचं.

माझा प्लॅन असा होता, एसीच्या चार सायकल, म्हणजे फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी (ए म्हणजे ते लाल औषध, त्याचं जुनं नाव एड्रियामायसिन, आणि सी म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड), मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, असे १२ डोस. तुमचा वेगळा असेल, औषधं वेगळी तर त्रासही वेगळे, त्यामुळे माझं वाचून स्वतःला तंतोतंत लावून घेऊ नका.

तर दिवस १ ते ३ मी एकदम ठणठणीत. इतकी की मला वाटलं लोक उगाच बाऊ करतात. रात्री २ वाजता कपाटं आवरत होते, गाल लाल, भूक सपाटून, झोप मात्र गायब. ती स्टेरॉइडची कमाल होती, उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात ना, त्याची. ते तिसऱ्या दिवशी संपलं आणि चौथ्या दिवशी मी जमिनीवर. वहीत दिवस ४ च्या पानावर फक्त "६ वेळा" एवढंच लिहिलंय, पुढे पेन चाललं नाही.

इथे माझा पहिला मूर्खपणा. उलटीची गोळी दिलेली होती, पण मी ती शेवटच्या क्षणापर्यंत घ्यायचीच नाही. उगाच किती गोळ्या गिळायच्या, बघू थोडं सहन करून. आता हे उलटीच्या गोळ्यांचं गणित असं आहे की मळमळ डोक्यावर बसली की मग गोळी काही करू शकत नाही (आणि तीच उलटून पडते ते वेगळंच), ती घड्याळ लावून आधीच घ्यायची असते, बरं वाटत असलं तरी. दुसऱ्या सायकलच्या आधी डॉक्टरांनी विचारलं कसं होतं, मी हसून म्हटलं थोडीशी मळमळ. त्या म्हणाल्या, "थोडीशी म्हणजे किती वेळा?" मी गप्प. नवऱ्याने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. मला त्याचा इतका राग आला होता! डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि शांतपणे रात्रीची आणखी एक उलटीची गोळी वाढवली, ओलान्झापिन. दुसऱ्या सायकलला दिवस ४ ला एकदा. एकदाच. मग पहिल्या वेळचे ते सहा कोणासाठी सोसले मी? बक्षीस होतं का त्याला?

ओलान्झापिनने दिवसभर पेंग येते हे खरंय. आणि ऑन्डॅनसेट्रॉन ह्या उलटीच्या औषधाने पोट असं गच्च होतं की चार दिवस दुसरा विषय सुचत नाही. हेही मी सांगायला लाजत होते, म्हटलं कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बद्धकोष्ठाचं काय रडायचं. रडा. औषध मिळतं त्यावर, आणि आधीपासून सुरू केलं तर फारच बरं.

वासाचं मात्र काही जमलं नाही शेवटपर्यंत. तिसऱ्या सायकलपासून हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये सॅनिटायझरचा वास आला की पोट ढवळायचं, सुई लागायच्या आधीच. पोर्टमध्ये (औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवतात ती डबी) सलाइन सोडलं की जिभेवर चव यायची, छातीत सोडलेलं पाणी जिभेला कसं कळतं देव जाणे. मी तोंडात लिंबाची गोळी धरून बसायचे. जेवण गार असलं की वास कमी येतो हे चौथ्या सायकलला कळलं, आणि सगळ्याला लोखंडाची चव लागत होती ती स्टीलचा चमचा सोडून प्लास्टिकचा घेतल्यावर जरा कमी झाली.

तोंड यायचं दिवस ८ च्या आसपास. कीमो भराभर वाढणाऱ्या पेशींना धरते, मग कॅन्सरच्या असोत नाहीतर तोंडाच्या आतल्या अस्तराच्या, केसांच्या मुळांच्या, हाडातल्या मगजाच्या, तिला फरक कळत नाही, म्हणून हे सगळे एकदम आजारी पडतात. कोमट पाण्यात थोडं मीठ, थोडा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या, ब्रश लहान मुलांचा मऊ घ्यायचा, आणि अल्कोहोलवालं माउथवॉश तर अजिबात नको, मी एकदा वापरलं आणि डोळ्यातून पाणी. लाल औषध शिरेतून जात असताना सिस्टर बर्फाचे तुकडे चघळायला द्यायच्या, त्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. मला फरक वाटला.

आता दिवस ११. हे जरा नीट वाचा.

एसीनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. पहिल्याच सायकलला दिवस ११ ला संध्याकाळी अंग कसकसलं, ताप १०० फॅरनहाइट. मी काय केलं? नेहमी करते तेच, एक पॅरासिटामॉल घेऊन पांघरूण ओढून झोपले. रात्री १ वाजता हुडहुडी आणि १०२. इमर्जन्सीत न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजले तर ३००, ५०० च्या खाली म्हणजे गंभीर. पाच दिवस अ‍ॅंटिबायोटिक सलाइनमधून. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की पांढऱ्या पेशीच नसतील तर इन्फेक्शन झालं तरी ना पू होतो ना सूज येते, ताप एवढी एकच खूण उरते, आणि मी तीच गोळीने झाकून टाकली होती. १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की फोन करायचा, रात्री ३ वाजले असले तरी, सकाळची वाट बघायची नाही आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही. हा आकडा मी नंतर फ्रिजवर मार्करनेच लिहून टाकला, अजून पुसला गेलेला नाही.

त्यानंतर दर सायकलला दुसऱ्या दिवशी पेशी वाढायचं इंजेक्शन सुरू झालं, पेगफिलग्रास्टिम. कीमोनंतर किमान २४ तास जाऊ द्यायचे असतात. त्याने पेशींचा काउंट टिकला पण कंबर आणि छातीचं मधलं हाड असं ठणकायचं की जणू आत गर्दीच्या वेळची लोकल भरलीये. ते दोन-तीन दिवसच असतं, आणि त्यालाही गोळी आहे, विचारून घ्या.

केसांबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी थोडक्यात. दिवस १७ ला गेले. जायच्या आधी दोन दिवस डोक्याची कातडी दुखत होती, उशीवर डोकं टेकवत नव्हतं, म्हणून भादरून टाकले तेव्हा रडण्यापेक्षा हायसंच वाटलं. पण नाकातले केस जातात हे कोणी सांगितलं होतं का? नाही! ते गेले की नाक नळासारखं गळतं, खाली वाकलं की टप. कॅन्सर पेशंट म्हणून मोठ्या गंभीर चेहऱ्याने लोक भेटायला येणार आणि मी आपली नाक पुसतेय. भुवया आणि पापण्या मात्र टिकल्या म्हणून मी खूश होते, त्या पॅक्लिटॅक्सेलच्या मध्यावर गेल्या.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं तेव्हा वाटलं सुटले. ओकारी नाही, काउंट ठीक. हे औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलं, मनसुख वाणी आणि मनरो वॉल ह्यांनी १९७१ मध्ये त्याची रचना मांडली, आणि आपल्या आडनावाचा माणूस त्यात आहे ह्याचं मला सलाइनखाली पडल्या पडल्या उगाच कौतुक वाटायचं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावणात देतात, त्याची रिअॅक्शन येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, त्या इंजेक्शनने मी अर्ध्या वाक्यात झोपून जायचे.

चौथ्या डोसनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या. वहीत लिहिलं. पाचव्यानंतर तळपायाखाली वाळू असल्यासारखं. तेही लिहिलं. आणि ह्या वेळी वही घरी ठेवून जायला लागले, मुद्दाम. कारण मला माहीत होतं की सांगितलं तर डोस कमी करतील, आणि डोस कमी केला की कॅन्सर परत येईल, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. सातव्या डोसच्या सकाळी ब्लाउजचं हूक लागेना. बोटांना हूक जाणवतच नव्हतं. अर्धा तास आरशासमोर झटत होते, शेवटी बहिणीने लावून दिलं आणि काही न बोलता वही स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, डोस थोडा कमी करायची सोय आम्ही आधीच धरलेली असते, पण नस पूर्ण दुखावली तर ती परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. उरलेले डोस कमी मात्रेत दिले, आणि सलाइन चालू असताना हातापायांना गोठवलेले मोजे. ते मोजे म्हणजे वेगळीच शिक्षा, पण मुंग्या तिथेच थांबल्या, वाढल्या नाहीत.

थकव्याबद्दल एकच. झोपून राहिल्याने तो जात नाही, मी महिनाभर करून बघितलंय. रोज चालल्याने जरा उतरतो, पहिल्या दिवशी मी गेटपर्यंत जाऊन परत आले होते आणि धापा टाकत होते, ते चाललं म्हणूनच धरायचं. शब्द मात्र अजून हरवतात, परवा कुकरला बराच वेळ "ते शिट्टीवालं" म्हणत होते.

आता शेवटचा डोस होऊन पाच महिने झाले. डोक्यावर कुरळे केस आलेत, माझे आयुष्यभर सरळ होते. दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर आडव्या चार रेघा उमटल्या होत्या, एसीच्या प्रत्येक सायकलला नख वाढायचं थांबलं होतं त्याच्या त्या, आणि नख वाढत गेलं तशा हळूहळू वर सरकत होत्या. उजव्या अंगठ्यावरची शेवटची रेघ रविवारी नेलकटरने कापली. डाव्या पायाची करंगळी अजून बधिर आहे. वहीत लिहून ठेवलंय, गुरुवारी दाखवायचंय.