आरसीएमधला 'जबाबदार व्यक्ती' कॉलम

काही बिघडलं की त्याचं मूळ कारण शोधून लिहायच्या आमच्या आरसीए (रूट कॉज ॲनालिसिस) टेम्प्लेटमध्ये एक कॉलम होता, 'जबाबदार व्यक्ती'. गेल्या वर्षी मी तो काढला, त्यावरून मॅनेजरशी चांगलंच वाजलं.

झालं असं की एका शुक्रवारी रात्री टीममधल्या ज्युनिअर मुलाने टेस्ट समजून डेटा बदलणारी अपडेट क्वेरी थेट प्रॉडवर, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमवर मारली. चूक त्याला लगेच कळली होती, पण आम्हाला कळलं पाऊण तासाने, क्लायंटचा फोन आल्यावर, तोवर हा एकटाच घाबरून डेटा जुळवत बसलेला. आदल्या महिन्यात त्या कॉलममध्ये ज्याचं नाव गेलं त्याचा विषय अप्रेझलला निघाला होता, हे अख्ख्या फ्लोअरला माहीत. मग पोरगं लपवणार नाही तर काय करणार?

मला गिटलॅब, म्हणजे कोड ठेवायची वेबसाइट चालवणारी कंपनी, आठवलं. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरला सेकंडरी, म्हणजे प्रतीच्या डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची होती आणि कमांड चालली प्रायमरीवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर. एक-दोन सेकंदात थांबवली तरी ३०० जीबीतले जेमतेम साडेचार उरले. बॅकअप शोधायला गेले तर ते जिथे साठवायचे ती एसथ्रीची (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) बकेट रिकामी, कारण बॅकअप घेणाऱ्या पीजीडंप टूलचं व्हर्जन डेटाबेसशी जुळत नव्हतं म्हणून बॅकअप फेल होत होता, आणि फेल झाल्याचे मेल कोणाला पोचतच नव्हते. वाचवलं कशाने, तर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी स्वतःहून घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने! त्यांनी रिकव्हरीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, रिपोर्टमध्ये त्याला नुसतं 'टीम मेंबर १' म्हटलं. माणूस धरून बसले असते तर मेलपर्यंत कोण पोचलं असतं, सांगा.

मी त्या कॉलमच्या जागी 'हे करता कसं आलं?' असं टाकलं. पहिल्याच आरसीएत निघालं की टेस्ट आणि प्रॉडचे टर्मिनल दिसायला एकसारखे, आणि आमच्यातल्या सगळ्यांना प्रॉडवर राइट ॲक्सेस (डेटा बदलायची परवानगी), फ्रेशरलासुद्धा. ॲक्सेस काढला, प्रॉडच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायच्या ओळीची सुरुवात) लाल केला. हे दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, त्यात माझीही चूक आहे.

मॅनेजरचं म्हणणं, क्लायंट नाव मागतो. मी म्हटलं टीमचं नाव द्या, लीड म्हणून माझं द्या, क्वेरी मारणाऱ्याचं नको. एक क्वार्टर बघू म्हणाले, अजून तरी तसंच चालू आहे.

आता दर महिन्याला बॅकअप खरंच रिस्टोअर करून बघतो. या वेळी तीन तास लागले, ते कमी करायचंय.