डॉक्टरांवर विश्वास नाही का तुमचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडलं होतं. "कॅन्सर परत आलाय, अशा वेळी डॉक्टरांशी वाद कसले घालता? आणि चित्रं कसली काढत बसता?" काळजीपोटी विचारता, ठाऊक आहे. तरी लागतं.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मला आरशात बघवत नव्हतं. कागदावर मात्र बघता यायचं. म्हणून व्रणाची चित्रं काढायला लागले. पेन्सिल, थोडा जलरंग, खाली तारीख. अशाच एका चित्रात काखेकडच्या टोकाला ठिपका आला, जो आधीच्या चित्रांत नव्हता. पुढच्या चित्रात त्याचा उंचवटा झाला होता.

डॉक्टरांनी बोटं फिरवून पाहिलं. "टाक्यांची गाठ आहे. होतात अशा." होतातही, ते खोटं बोलत नव्हते. मी वही उघडून टेबलावर ठेवली. तिच्याकडे न बघता ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यांचं मन जरा कशात तरी गुंतवा." नवरा गप्प. माझे तळहात ओले झाले होते. आतून एक बाई सांगत होती, ऊठ, बाहेर पेशंट खोळंबलेत. ती मीच, पहिल्या खेपेला पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर न वाचता सही करणारी. तिला मी नावं ठेवणार नाही, जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण या वेळी तिचं ऐकलं नाही. म्हटलं, "टाक्यांची असेल तर बायोप्सीत तसं येईल. गरज नसेल तर तसं केसपेपरवर लिहून द्या." बराच वेळ पेन त्यांच्या बोटांत नुसतं फिरत राहिलं. मग त्यांनी बायोप्सी लिहिली.

गाठ कॅन्सरचीच निघाली. मग मी रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ज्या खुणा पाहून औषध ठरतं त्या, पुन्हा तपासायला लावले. "जुना रिपोर्ट आहे की!" आहे, पण परत आलेल्या गाठीचे रिसेप्टर पहिलीसारखेच असतील असं नाही. त्यातलं माझं हर-टू आधी निगेटिव्ह होतं, आता ३+, म्हणजे स्पष्ट पॉझिटिव्ह आलं. ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध सुरू झालं ते त्यामुळे. जुन्या रिपोर्टवर ते मिळालंच नसतं.

आणि कृपा करून "फार विचार करता म्हणून परत आला" असं म्हणू नका. टॅमॉक्सिफेन हे हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध मी पाच वर्षं नेमाने घेतलं. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर त्यानंतरही उलटू शकतो. माझ्या विचारांनी तो आणलेला नाही.

चित्रांनी बरं वाटतं का? नेहमी नाही. काही चित्रं काढल्यावर दिवसभर कुणाशी बोलवत नाही. आताच्या डॉक्टर सगळं ऐकून घेतात, तरी त्यांच्यासमोर वही उघडताना हात थरथरतो. विश्वास आहे की नाही, याचं एका शब्दातलं उत्तर माझ्याकडे अजून नाही. ट्रॅस्टुझुमॅबवर असताना हृदयाचा टू-डी इको ठरावीक काळाने करावा लागतो. मागचा रिपोर्ट फायलीत सापडत नाहीये. उद्या गेले की आधी तोच मागणार आहे.