लावणीच्या विक्रीचे पैसे अडकले तेव्हा : माझा अनुभव

सांगलीत राहून आम्ही जुन्या लावण्या रेकॉर्ड करतो आणि स्वतःच्या वेबसाइटवर विकतो. आम्ही म्हणजे मी आणि मिरजेचे एक ढोलकीवादक काका. कवलापूर, विटा, कवठेमहांकाळ या पट्ट्यात आयुष्य फडावर काढलेल्या बायका अजून आहेत. त्यांच्या तोंडी बैठकीच्या अशा लावण्या आहेत ज्या कुठे छापलेल्या नाहीत. मिरजेत एका खोलीत बसून आम्ही त्या उतरवून घेतो आणि सोबत शब्द व चालीची माहिती देणारी पुस्तिका करतो. विक्रीतले निम्मे पैसे गाणाऱ्या बाईंचे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे.

आपल्याकडचं गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देतं. पण आमचं निम्मं गिऱ्हाईक परदेशातलं मराठी माणूस आहे आणि त्यांच्या हातात कार्ड असतं. म्हणून वेबसाइटवर आलेले पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणाऱ्या एका पेमेंट गेटवे कंपनीकडे खातं उघडलं. पॅन, उद्यम नोंदणी, चालू खात्याचा कॅन्सल चेक हे सगळं दिलं. वेबसाइटवर अटी-शर्ती आणि परताव्याचं पान असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार व्यापाऱ्याची पार्श्वभूमी तपासणं ही या कंपन्यांचीच जबाबदारी आहे. व्यवसायाच्या रकान्यात आम्ही संगीत आणि पुस्तकं असं लिहिलं. मंजुरी सहज मिळाली.

दिवाळीच्या तोंडावर विक्री वाढली आणि एका सकाळी डॅशबोर्डवर पिवळी पट्टी आली. सेटलमेंट होल्डवर, म्हणजे जमा झालेले पैसे आमच्या खात्यात सोडणं थांबवलेलं. खाली सुमारे ४१ हजारांचा आकडा आणि त्याच्या शेजारी कुलपाचं चित्र. मेलमध्ये एवढंच होतं की तुमच्या वेबसाइटवरचा मजकूर प्रौढ प्रकारात मोडतो आणि आमच्या धोरणात बसत नाही. कुठली लावणी, कुठलं पान, कुठली ओळ, काही नाही. यूपीआयसुद्धा याच गेटवेतून येत होतं, त्यामुळे तेही बंद.

कंपनीकडे ऑनलाइन तक्रार, म्हणजे त्यांच्या भाषेत तिकीट, टाकलं. उत्तरात तोच मेल पुन्हा आला, फक्त खालचं नाव वेगळं. पुन्हा विचारलं तर तिकीट बंद केल्याचा निरोप. शेवटी फोनवर एक माणूस भेटला. मुलगा सौजन्याने बोलला. म्हणाला, "मॅडम, आमच्या हातात नाही, बँकेकडून आलंय." आमचं चालू खातं ज्या शाखेत आहे तिथे गेले. साहेब म्हणाले, "आमच्याकडे तुमचं फक्त खातं आहे. तो म्हणतोय ती बँक दुसरी."

त्या दिवसांत अक्कांचा फोन आला. संग्रहातल्या सगळ्यात जास्त लावण्या त्यांच्या आवाजातल्या आहेत. वय सत्तरीच्या पुढे. "पैशाचं काय झालं गं पोरी?" मी सांगितलं, कंपनीने अडवलेत, गाण्यावर आक्षेप आहे. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "वंगाळ हाय म्हनत्यात व्हय? ऐकलं का पर त्यांनी?" मी तिकिटांत जे इतक्यांदा विचारत होते ते हेच होतं.

आमच्या सीएंनी ही साखळी मला कागदावर काढून दाखवली आणि तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. कार्डाच्या व्यवहारात मध्ये चौघं असतात. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क, व्यापाऱ्याच्या बाजूने पैसे स्वीकारणारी बँक, आणि आमच्यासारख्या छोट्यांना त्या बँकेशी जोडणारी गेटवे कंपनी. नियम नेटवर्क करतं. नियम मोडला की ते दंड स्वीकारणाऱ्या बँकेला लावतं आणि बँक तो गेटवेवर ढकलते. महिन्याला काही हजारांचा धंदा देणाऱ्या आमच्यासाठी एवढी जोखीम कोण घेईल? नुसता संशय आला तरी काढून टाकणं त्यांना परवडतं, आणि काढून टाकल्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारत नाही.

याच खटपटीत मी बाहेरच्या देशांतलं वाचत गेले. जुलै २०२५ मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने प्रौढांसाठीच्या बऱ्याच गेम काढल्या आणि पेमेंट कंपन्यांच्या व कार्ड नेटवर्कच्या नियमांत न बसणारं काही चालणार नाही, असं आपल्या अटींत घातलं. त्याच महिन्यात इच डॉट आयओ या दुकानाने प्रौढ मजकुराची सगळी पानं शोधातून वगळली. कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियातल्या संघटनेने पेमेंट कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं होतं, त्याचा हा परिणाम. गदारोळ झाल्यावर मास्टरकार्ड म्हणालं की आम्ही कुठलीही गेम तपासलेली नाही, कायदेशीर खरेदीला आमची मनाई नाही. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह म्हणाली, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही; मधल्या कंपन्या आणि बँकांकडून निरोप आला आणि त्यात मास्टरकार्डच्याच ५.१२.७ या नियमाचा दाखला होता. हा नियम त्यांच्या नावाला बट्टा लागेल अशा व्यवहारांबद्दलचा आहे. वाचताना मला फोनवरचा तो मुलगा आणि आमच्या शाखेतले साहेब आठवत होते. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि निर्णय नेमका कोणी घेतला हे शेवटपर्यंत कळत नाही.

हे आजचं नाही. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या थांबवल्या, तेव्हा कुठल्याही न्यायालयाने त्या संस्थेला दोषी ठरवलेलं नव्हतं. २०१२ मध्ये पेपालने स्मॅशवर्ड्स या ई-पुस्तकांच्या विक्रेत्याला काही प्रकारच्या कामुक कथा काढायला सांगितल्या. लेखक आणि नागरी हक्कांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि मार्चमध्ये पेपालने माघार घेतली. सरसकट प्रकारावर बंदी घालणार नाही, आक्षेप असेल तर त्या-त्या पुस्तकापुरता घेऊ, असं ठरलं. माझ्या पुढच्या पत्राचा पायाच मला इथे मिळाला.

मला एक बाजू मान्य आहे आणि ती स्पष्ट लिहिते. डिसेंबर २०२० मध्ये पॉर्नहब या प्रौढ व्हिडिओंच्या साइटवर अल्पवयीन मुलींचे आणि संमतीशिवायचे व्हिडिओ असल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने मांडलं, व्हिसा-मास्टरकार्डने तिथली कार्डसेवा थांबवली आणि ओळख न पटवलेल्या लोकांनी टाकलेले लाखो व्हिडिओ उतरवले गेले. पीडित मुली आधीपासून ओरडून सांगत होत्या, तेव्हा ते झालं नव्हतं. पैसा अडवण्याची ताकद अशा ठिकाणी वापरली जावी, असंच मी म्हणेन. पण तिथे गुन्हा होता. सत्तरीच्या बाईने गायलेल्या विरहाच्या लावणीत कुठला गुन्हा आहे?

आपल्याकडे अश्लीलतेचा कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे, आणि साहित्य, कला, ज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला त्यांत सूट आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत नाटक उभं केलं, तिथल्या नाटकवाल्यांना आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. त्या मंडळाबद्दल कलावंतांच्या तक्रारी कमी नाहीत. तरी ते संहिता वाचतं, कुठली ओळ खटकली ते सांगतं, आणि त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं, लोक गेलेलेही आहेत. पठ्ठे बापूराव याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. शासन ज्यांना मानाने शाहीर म्हणतं त्यांच्या परंपरेतली लावणी विकायची की नाही, हे ती न ऐकता कुणीतरी ठरवावं, हे मला सहन होत नाही.

तिकिटांचा नाद सोडून मी नोडल अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तक्रारींसाठी असा अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. सीएंच्या सल्ल्याने पत्राचे सरळ दोन भाग केले. पैसे वेगळे, मजकूर वेगळा. कोणाशी व्यवहार ठेवायचा हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत अशा निर्णयाविरुद्धची तक्रार घेतली जात नाही. पण अडवलेले पैसे कंपनीचे नसतात, ते एस्क्रो, म्हणजे व्यापाऱ्यांचे पैसे वेगळे ठेवण्यासाठीच्या, खात्यात असतात. माल पोचलेला, गिऱ्हाइकाची तक्रार नाही, एकाही व्यवहारावर चार्जबॅक (गिऱ्हाइकाने बँकेमार्फत पैसे परत मागणं) नाही, तर ते कुठल्या कलमाखाली आणि कधीपर्यंत ठेवणार, एवढंच पहिल्या भागात विचारलं. प्रत्येक ऑर्डरची पावती जोडली. दुसऱ्या भागात आक्षेप कुठल्या लावणीवर आहे, ती कोणी ऐकली आणि कुठल्या नियमाने वगळली, हे विचारलं. आणखी एक प्रश्न मुद्दाम घातला : आमचं नाव बंद केलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत टाकलं आहे का? मास्टरकार्डची मॅच नावाची अशी यादी असते. तिच्यात गेलेलं नाव पाच वर्षं राहतं आणि मग दुसरी कंपनीही दारात उभं करत नाही.

उत्तर आलं, आणि या वेळी ते माणसाने लिहिलेलं होतं. यादीत नाव नाही. पैसे दोन टप्प्यांत सोडले. चार लावण्या काढल्या तर खातं चालू ठेवू, असंही होतं आणि त्या चारांची नावं पहिल्यांदाच कळली. त्यांतल्या तीन अक्कांच्या. काका म्हणाले, "काढायच्या नाहीत." मलाही दुसरा विचार सुचला नाही. खातं आम्ही बंद केलं.

देशातल्या गिऱ्हाइकांसाठी बँकेचा स्वतःचा क्यूआर कोड घेतला. कार्डासाठी दुसऱ्या कंपनीकडे गेलो, पण या वेळी अर्जाआधीच सगळी यादी, त्या चार लावण्यांचे शब्द, ध्वनिफिती आणि लोककलेच्या एका प्राध्यापकांचं पत्र पाठवलं, आणि मजकूर पाहिला असून हरकत नाही असं लेखी मागितलं. वेळ लागला. मधल्या काळात परदेशातली विक्री शून्यावर आली, हे नुकसान कोणी भरून देणार नाही. पण लेखी मिळालं.

अक्कांचे पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले. ती चार गाणी कोणी ऐकली होती, या प्रश्नाचं उत्तर जुन्या कंपनीकडून अजून आलेलं नाही, आणि मी ते मागणं थांबवलेलं नाही. नोडल अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत तयार आहे. कुणा प्रकाशकाला, कलावंताला, आरोग्यशिक्षणाचं साहित्य विकणाऱ्याला तो हवा असेल तर कळवा, मी पाठवते.